हातभर अंतरावरचे शस्त्र आणि त्याची तालीम



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांविषयीच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती वावगी नाही. यंदा चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली. मी जो विषय कळवला तो वाचून त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय असा : हल्लेखोर हातभर अंतरावर आला असता शस्त्राने स्वतःचा बचाव करता येतो काय, आणि येत असेल तर त्याची तालीम कशी असते?

हा विषय का घेतला ते आधी सांगितले पाहिजे. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत शंकर गुहा नियोगी यांना झोपेत गोळ्या घातल्या गेल्या. 16 जानेवारी 1997 रोजी डॉ. दत्ता सामंत यांची पवईत, घरापासून जवळच, गाडी अडवून हत्या झाली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर पुलावर मारले गेले. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर सकाळी फिरून परत येताना गोळ्या झाडल्या गेल्या, आणि 20 फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. दर वेळी सभा झाल्या, निषेधाचे ठराव झाले, मोर्चे निघाले. आणि दर वेळी, मोर्चा पांगल्यावर, चहाच्या टपरीपाशी आमचे तरुण कार्यकर्ते मला एकच प्रश्न विचारीत : "दादा, आता आपणही पिस्तुलाचा परवाना काढायचा का?"

या प्रश्नाला भावनेच्या भरात उत्तर देणे सोपे आहे. कोणी म्हणेल, अवश्य काढा. कोणी म्हणेल, शस्त्राला शिवूही नका. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. त्यामुळे प्रश्न आला की त्यावरचे पुस्तक शोधायचे ही माझी जुनी खोड आहे. मी शोध घेतला. या विद्येला एक इतिहास आहे, आणि गंमत अशी की त्या इतिहासाच्या ऐन मध्यावर कापडगिरणीतला एक संप उभा आहे. तो इतिहास, ती पद्धत आणि तिच्यातून आपल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर, एवढे आज मांडतो.

अंतर हेच मुख्य

शस्त्र म्हटले की आपण त्याची धार पाहतो, त्याची किंमत पाहतो, ते कोणत्या बनावटीचे ते पाहतो. अंतर मात्र पाहत नाही. वास्तविक प्रत्येक शस्त्राचे स्वतःचे एक अंतर असते. भाल्याचे वेगळे, तलवारीचे वेगळे, कट्यारीचे वेगळे. त्या अंतराच्या आत शत्रू शिरला की उत्तमातले उत्तम शस्त्र नुसते ओझे होऊन बसते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावण्यासाठी लांब जायला नको. 10 नोव्हेंबर 1659 ची प्रतापगडच्या पायथ्याची भेट आठवावी. भेट आलिंगनाची होती. आलिंगनात तलवार उपसायला जागा नसते. शिवाजीमहाराजांनी हे आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी अंगरख्याखाली चिलखत घातले, मस्तकावर जिरेटोपाचे संरक्षण घेतले आणि हाताशी अशी शस्त्रे ठेवली की जी मिठीतही चालतील. बिचवा आणि वाघनखे यांचे नाव आपण घेतो ते शौर्याची खूण म्हणून. पण मुळात ती अंतराचा हिशेब करून केलेली निवड होती. आणि चौथी गोष्ट म्हणजे सोबतचा माणूस. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण आपल्याकडे घरोघर आहे. सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला. चिलखत, जागेला योग्य असे शस्त्र, आधी केलेला विचार आणि शेजारी जागा असलेला माणूस, अशा चार गोष्टी तेथे होत्या. शस्त्र त्यांपैकी एक. हा हिशेब मनात ठेवून आपण आता पिस्तुलाकडे वळू.

शांघायमधली शाळा

पिस्तूल हे लांबून मारायचे हत्यार, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना पिस्तुलाचे शिक्षण मिळे तेही याच समजुतीने. चांदमारीचे मैदान, लांबवर गोल वर्तुळांचे लक्ष्य, शिपाई कुशीला वळून, हात लांब करून उभा, एक डोळा मिटून नळीच्या टोकावरची माशी बरोबर वर्तुळाच्या मध्याशी जुळवतो, श्वास रोखतो आणि हळूच चाप ओढतो. दिवस उजेडाचा, मन शांत, समोरचे लक्ष्य कागदाचे. अशा परीक्षेत पहिला आलेला शिपाई रात्रीच्या गल्लीत मारला जाई, आणि असे का व्हावे याचा उलगडा पुष्कळांना होत नसे.

हा उलगडा ज्यांनी पद्धतशीरपणे केला त्यांत विल्यम फेअरबेर्न याचे नाव पहिल्याने घेतात. जन्म 1885 चा. आधी इंग्रजी नौदलाच्या सैनिकांत, आणि 1907 पासून शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत. शांघाय त्या काळी विचित्र शहर होते. चीनच्या भूमीवर परकीयांची आंतरराष्ट्रीय वसाहत, तिची स्वतःची नगरपालिका, तिचे स्वतःचे पोलीस. त्या पोलीस दलात इंग्रज अंमलदार, चिनी शिपाई आणि आपल्या पंजाबातून भरती केलेले शीख शिपाई होते. बंदर मोठे, अफूचा व्यापार मोठा, अपहरण करून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या शस्त्रसज्ज. फेअरबेर्नने जपानी ज्युदोचा अभ्यास केला, आणि हाताच्या झटापटीचे स्वतःचे शास्त्र बनवून 1926 साली त्यावर पुस्तकही काढले. त्याचा जोडीदार एरिक सायक्स. या दोघांनी मिळून 1942 साली पिस्तुलावर एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आधार म्हणून त्यांनी साडेबारा वर्षांतल्या 666 सशस्त्र चकमकींचा हवाला दिला आहे. पुस्तकी तर्कावर रचलेले हे शास्त्र नव्हे. कारखान्यात अपघातांची नोंदवही असते, तशा नोंदवहीतून ते निघाले आहे.

त्या अनुभवाने त्यांना काय सांगितले? पहिली गोष्ट, गोळीबार बहुधा चार यार्डांच्या आत होतो, आणि पुष्कळदा त्याहूनही जवळून. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार. गिरणगावातल्या माणसाला हे माप समजावून सांगायला नको. चार वार म्हणजे बारा फूट. आपल्या चाळीतली एक खोली. दुसरी गोष्ट, उजेड अपुरा असतो. तिसरी, वेळ इतका थोडा असतो की माशी जुळवायला सवडच नसते. चौथी, शिपाई त्या वेळी एका जागी उभा नसतो. तो धावत आलेला असतो, दम लागलेला असतो, अंग आखडलेले असते.

चांदमारी सोडून तालीम

यावरून त्यांनी शिक्षणाची उलटापालट केली. नव्या शिपायाला लांबच्या वर्तुळासमोर उभे न करता माणसाच्या आकाराच्या लक्ष्यासमोर अवघ्या दोन यार्डांवर, म्हणजे सहा फुटांवर उभे करीत. दोन्ही डोळे उघडे. हात सरळ, पिस्तूल खाली रोखलेले. हुकूम मिळताच शरीराच्या मध्यरेषेत हात वर उचलायचा आणि नळी लक्ष्यावर आली की साऱ्या मुठीने आवळून चाप ओढायचा. आपण बोट दाखवून एखादी वस्तू दाखवतो तेव्हा बोटाच्या टोकाकडे पाहत नाही, वस्तूकडे पाहतो. तरीही बोट बरोबर रोखले जाते. हीच नैसर्गिक शक्ती त्यांनी कामाला लावली. एक गोळी झाडून थांबायचे नाही, लागोपाठ दोन झाडायच्या, हेही त्यात होते. अंतर फारच कमी असेल तर हात लांब न करता कोपर अंगाशी ठेवूनच झाडायचे.

मग पुढची पायरी. एक अंधारी वास्तू तयार केलेली असे. तिच्यातून शिपायाने एकट्याने जायचे. पायाखालची जमीन डगमगते, कुठे फटाका वाजतो, वळणावर अचानक पुतळा उभा राहतो. ही वास्तू म्हणजे कौतुकाचा खेळ नव्हता. प्रत्यक्ष प्रसंगी जी भीती वाटणार, तिच्या शतांश भीतीची तरी ओळख आधी व्हावी, हा हेतू. आपल्या आखाड्यातले वस्ताद पोरांना नुसते डाव तोंडाने सांगत नाहीत, मातीत उतरवतात, त्यातलाच हा प्रकार.

पिस्तूल बाळगण्याच्या बाबतीतही त्यांनी एक नियम घातला. पिस्तुलात काडतुसांचे मॅगझीन भरलेले असे, परंतु नळीच्या तोंडाशी काडतूस नसे. पिस्तूल उपसतानाच डाव्या हाताने वरचा सरकता भाग मागे ओढून काडतूस आत घ्यायचे, अशी एकच हालचाल हजारदा घोटून घेत. सुरक्षेचा खटका त्यांनी कायमचा बंद करून टाकला होता, कारण घाईत माणूस खटका विसरतो. म्हणजे अपघात टाळण्याचे काम बोटावरच्या खटक्याकडून काढून घेऊन सवयीकडे सोपवले. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हा विचार लगेच पटेल. धोक्याच्या क्षणी आठवावी लागते ती सूचना निरुपयोगी.

1940 साली फेअरबेर्न आणि सायक्स इंग्लंडला परतले. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमधील लोखायलर्ट येथे त्यांनी कमांडो सैनिकांना शिकवले. पुढे फेअरबेर्न कॅनडातल्या गुप्त छावणीत गेला, आणि अमेरिकन हेरखात्याच्या माणसांनाही त्याने तयार केले. त्याच्याबरोबर काम केलेला अमेरिकन अधिकारी रेक्स ॲपलगेट याने 1943 साली आपले पुस्तक लिहिले. शांघायच्या गल्लीतली विद्या अशी जगभर पसरली. पुढे तिच्यावर वादही झाले. नेम न धरता झाडणे बरे की नेम धरून, दोन हातांनी धरणे बरे की एका, याचा काथ्याकूट अमेरिकेत अनेक वर्षे चालला, आणि आज बहुतेक ठिकाणी दोन्ही हातांनी पिस्तूल धरून डोळ्यांसमोर आणण्याची पद्धत शिकवतात. परंतु अगदी जवळच्या अंतराची शिकवण निराळी काढावी लागते, हा शांघायचा मूळ सिद्धांत कोणी खोडून काढला नाही.

दीड सेकंदाचे गणित

आता गणिताकडे येऊ. 1983 साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातला शिक्षक डेनिस ट्युलर याने एक साधा प्रयोग करून लेख लिहिला. सुरा घेतलेला माणूस एकवीस फुटांवरून धावत आला तर त्याला पोचायला किती वेळ लागतो? सुमारे दीड सेकंद. आणि तयार शिपायाला कमरेचे पिस्तूल उपसून नेमके झाडायला किती वेळ लागतो? तोही सुमारे दीड सेकंद. म्हणजे एकवीस फुटांवर दोघांची बरोबरी. पुष्कळांनी याचा नियम बनवून टाकला, की एकवीस फुटांच्या आत सुरा दिसला की झाडा. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्या लेखाचा तो हेतूही नव्हता. अंतर किती लवकर संपते याची जाणीव करून देणे, आणि मागे सरणे, आडोसा घेणे, आधीच सावध होणे शिकवणे, हा त्याचा अर्थ.

आता हे गणित आपल्या विषयाला लावा. सहा फुटांवरून हल्लेखोर अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंगाशी येतो. केवळ एखादी खूण दिसून हात हलायला निरोगी माणसाला पाव सेकंद लागतो. आणि हलवायचे की नाही याचा निर्णय करायचा असेल तर त्याहून अधिक. शिल्लक काय राहिली? सदऱ्याखालचे पिस्तूल बाहेर काढण्याइतकी खासच नाही.

शरीराची साथही त्या क्षणी पुरती मिळत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने भीती व संताप यांच्या वेळी शरीरात काय घडते यावरचा आपला ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध केला. अशा वेळी अॅड्रेनलीन रक्तात उतरते, हृदय जोराने चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते. पळायला आणि झटायला हे उत्तम; परंतु बोटांच्या नाजूक कामाला वाईट. हात थरथरतो. नजर एकाच वस्तूवर, बहुधा समोरच्याच्या शस्त्रावर, खिळते. बाजूचे दिसेनासे होते. आवाज दूरचे वाटतात. सुईत दोरा ओवण्यासारखे कोणतेही काम त्या वेळी होत नाही. म्हणून या तालमीतल्या साऱ्या हालचाली मोठ्या, थोड्या आणि सरळ ठेवलेल्या असतात.

आधी हात, मग शस्त्र

आजची चांगली शिक्षणपद्धती यातून पुढे गेली आहे. हातभर अंतरावर ती शिष्याला पहिल्याने पिस्तुलाला हात घालू देत नाही. आधी मोकळ्या हाताने डोके व मान झाकायची, येणारा हात बाजूला लोटायचा, एक पाऊल तिरपे सरकायचे. समोरच्याच्या रेषेतून बाहेर पडायचे. क्षणभराची फट मिळाली तरच शस्त्र. आणि शस्त्र काढलेच तर ते समोर लांब धरायचे नाही. बरगडीशी, अंगाला चिकटून ठेवायचे. कारण इतक्या जवळ लांब केलेला हात म्हणजे शत्रूच्या हातात दिलेले पिस्तूल. स्वतःचेच शस्त्र हिसकावले जाऊन त्यानेच पोलीस मारले गेल्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून शस्त्र हिसकावू न देण्याची निराळी तालीम असते.

आणखी एक बारकावा. कित्येक स्वयंचलित पिस्तुलांची नळी समोरच्याच्या शरीरावर दाबली गेली तर वरचा सरकता भाग मागे ढकलला जातो आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही. दुकानातून शस्त्र आणून कपाटात ठेवणाऱ्याला हे कोण सांगणार? ज्याने ते प्रत्यक्ष अनुभवले असा शिक्षकच सांगतो.

हे सारे जिवंत काडतुसांनी शिकवत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. रंगवलेली खोटी पिस्तुले, रबरी सुरे, डोळ्यांना व मानेला संरक्षण आणि तालमीच्या खोलीत एकही खरे काडतूस नाही याची दोघांनी केलेली तपासणी, अशी शिस्त असते. शिष्य हजार वेळा पडतो, उठतो आणि पुन्हा करतो. आठवड्याचा वर्ग करून ही विद्या येत नाही, आणि आलेली विद्या सहा महिने हात न लावता टिकतही नाही. पट्टा फिरवणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

शिकवणीचा दुसरा अर्धा भाग

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, बरे तर, मन लावून शिकतो. परंतु आतापर्यंत सांगितला तो शिकवणीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग पुन्हा शांघायमध्येच सापडतो, आणि तोच आम्हा कामगारांच्या जवळचा आहे.

1925 च्या मे महिन्यात शांघायमधल्या एका जपानी मालकीच्या कापडगिरणीत तंटा झाला. त्यात कु चंगहुंग नावाचा तरुण कामगार गोळी लागून मेला. त्याच्या मृत्यूचा निषेध करणारे विद्यार्थी वसाहतीच्या पोलिसांनी पकडले. 30 मे रोजी नानकिंग रोडवरच्या लौझा पोलीस ठाण्यासमोर त्यांच्या सुटकेसाठी मोठा जमाव जमला. पोलीस आयुक्त त्या वेळी जागेवर नव्हते. ठाण्यावरच्या इन्स्पेक्टरने इशारा दिला आणि काही सेकंदांतच गोळीबाराचा हुकूम सोडला. चिनी व शीख शिपायांनी 44 गोळ्या झाडल्या. किमान नऊ माणसे मेली. चिनी बाजू तेरा सांगते. त्यातून शांघायमध्ये दीड-दोन लाख कामगारांचा सार्वत्रिक संप उभा राहिला. पुढल्याच महिन्यात कँटन व हाँगकाँगमध्ये जो संप सुरू झाला तो ऑक्टोबर 1926 पर्यंत चालला. त्याच 1925 साली मुंबईतही वेतनकपातीविरुद्ध दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर होते. गिरणी जपान्याची असो की मुंबईकराची, फाटकावरचा प्रश्न एकच होता.

या घटनेनंतर जमावाला तोंड देण्यासाठी खास शिकवलेले एक राखीव पथक उभारण्याचे काम त्याच फेअरबेर्नकडे देण्यात आले. ते पथक कोणाचे नोकर होते, कोणाच्या मालमत्तेची राखण करीत होते, हे मी विसरत नाही, आणि तुम्हीही विसरू नये. परंतु शिकवणीच्या दृष्टीने त्यातला धडा स्पष्ट आहे. लौझा ठाण्याच्या दारात शिपायांपाशी शस्त्र होते आणि हुकूम होता. त्या दोहोंच्या मधल्या पायऱ्या नव्हत्या. भिऊन गेलेला अंमलदार, पुढे सरकणारा जमाव, चापावर बोट. यांच्यामध्ये मागे सरणे, दार लावून घेणे, मदत मागवणे, वेळ काढणे, काठीने अडवणे असे काही नसेल, तर गोळीवाचून दुसरे काय सुटणार?

माणूस घाबरला की त्याला जे येत असते तेच तो करतो. ज्याला फक्त झाडणे येते तो झाडतो. म्हणून हातभर अंतराच्या तालमीत "झाडू नको" हाही एक डाव म्हणून शिकवावा लागतो. अंधाऱ्या वास्तूत उभा राहणारा प्रत्येक पुतळा शत्रूचा नसावा. काहींच्या हातात पाकीट असावे, काहींच्या हातात मूल असावे. शिष्याने ओळखून बोट आवरले तर त्यालाही गुण मिळाले पाहिजेत. जो शिक्षक नुसत्या वेगाचे कौतुक करतो, त्याचे शिष्य एक दिवस निरपराध माणसाला मारतात. पोलिसांना काय शिकवले जाते हा प्रश्न केवळ पोलिसांचा नव्हे, तो मोर्चात चालणाऱ्या प्रत्येकाचा आहे, तो याच कारणाने.

आपला कायदा काय म्हणतो

आता आपल्या देशातील कायद्याकडे थोडक्यात पाहू. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडे 1860 च्या दंडविधानात कलम 96 ते 106 यांत होता. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 यांत आहे. तत्त्व तेच राहिले. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अॅसिडचा हल्ला अशा काही ठराविक प्रसंगांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाण्याइतपतही तो हक्क पोचतो. परंतु त्याला तीन कुंपणे आहेत. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. सरकारी संरक्षण मिळवण्याइतका अवधी असेल तर हा हक्क राहत नाही. आणि भीती सुरू होते तेव्हा हक्क सुरू होतो, भीती संपली की हक्कही संपतो. पळून जाणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी बचावाची होत नाही.

शस्त्राचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे केली. परंतु परवाना म्हणजे केवळ बाळगण्याची मुभा. अर्ध्या सेकंदात वाजवी भीती कोणती आणि पुरेसा बचाव कोणता हे ठरवण्याची बुद्धी परवान्याबरोबर मिळत नाही. कोर्टात त्या अर्ध्या सेकंदावर वर्षानुवर्षे युक्तिवाद होतात. तो निर्णय त्या क्षणी करणारा हात आधीच शिकलेला असावा लागतो.

मग उत्तर काय?

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येतो. परवाना काढायचा का?

आरंभी सांगितलेल्या चार हत्यांकडे या तालमीच्या नजरेने पाहा. नियोगी झोपलेले होते. डॉ. सामंत गाडीत अडकले होते. डॉ. दाभोलकर आणि कॉ. पानसरे सकाळच्या रस्त्यावर होते, आणि मारेकऱ्यांना त्यांची वेळ व वाट ठाऊक होती. या चौघांच्या कमरेला पिस्तूल असते तर काय झाले असते, हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु जागा, वेळ व अंतर यांची निवड मारेकरी करतो तेव्हा दीड सेकंदाचे गणित पूर्णपणे त्याच्या बाजूचे असते, एवढे मात्र सांगता येते. हल्ला कमरेच्या पिस्तुलाने क्वचित अडतो. तो अडतो आदल्या आठवड्यात : कोणी पाळत ठेवीत आहे हे लक्षात येते तेव्हा, वाट बदलली जाते तेव्हा, माणूस एकटा नसतो तेव्हा.

म्हणून मी आमच्या तरुणांना सांगतो ते असे. ज्याला खरोखरच धोका आहे आणि जो वर्षभर, दर आठवड्याला, चांगल्या शिक्षकापाशी तालीम करायला तयार आहे, त्याने कायद्याच्या वाटेने शस्त्र घ्यायला माझा विरोध नाही. भितीपोटी ते घेऊन कपाटात किंवा कमरेला मिरवणाऱ्याला माझा विरोध आहे; कारण ते शस्त्र पहिल्याने त्याच्याच घरातल्या पोराच्या किंवा हल्लेखोराच्या हाती जाण्याचा संभव अधिक. आणि ज्याला पिस्तूल मिळणार नाही, म्हणजे आपल्यातल्या शंभरातल्या नव्याण्णवांना, त्याच्यासाठीही या विद्येत पुष्कळ आहे. धमकी आली की ती तोंडी ठेवू नये. तारीख घालून पोलिसांना लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत युनियनच्या कचेरीत ठेवावी. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, एकट्याने जाऊ नये. मोटारसायकल दोनदा मागे दिसली तर तिचा नंबर टिपावा. अनोळखी माणूस फार जवळ येऊ लागला तर भिडेखातर उभे न राहता दोन पावले सरकावे, मध्ये टेबल, गाडी, दार काहीतरी ठेवावे. अंतर राखणे हा भित्रेपणा नव्हे. शांघायच्या शिक्षकांनी आणि प्रतापगडच्या विजेत्याने ज्याचा हिशेब केला तीच ही गोष्ट. वस्तीतल्या मुलामुलींना आखाड्यात घालावे, म्हणजे कोणी अंगावर आला असता हात आपोआप वर येईल आणि पाय आपोआप सरकतील.

आणि शेवटी, आपल्या पुढाऱ्याला घरी पोचवायला रोज दोन माणसांनी जावे. याला परवाना लागत नाही, पैसा लागत नाही. पाळी मात्र लावावी लागते, आणि लावलेली पाळी मोडू द्यायची नाही. संपाच्या वेळी फाटकावर रात्रीची पाळी राखण्याची आपल्याला सवय आहे. ती सवय संप नसतानाही चालू ठेवा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.